व्हीपीएन लावले, म्हणजे जहाज आणि किनाऱ्यामधील माहिती सुरक्षित झाली का?

प्रश्न एका जहाज-व्यवस्थापन कंपनीच्या तांत्रिक विभागाचा आहे. त्यांनी आपल्या सर्व जहाजांवर कमी उंचीवरील उपग्रहांची इंटरनेट सेवा बसवली आहे, कार्यालय आणि जहाज यांच्यामध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी बंदिस्त खासगी वाहिनी, चालू केले आहे, आणि मार्ग-आराखडे, नौकानयनाचे इशारे, बंदरासाठीची कागदपत्रे हे सारे आता डिजिटल रूपात ये-जा करते. एवढ्याने देवाणघेवाण सुरक्षित झाली असे मानायचे का, आणि ‘सेकॉम’ नावाचे जे मानक विक्रेते पुढे करीत आहेत त्याची खरोखर गरज आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

व्हीपीएन हवेच, पण ते केवळ वाटेचे रक्षण करते. त्या वाटेने आलेला कागद मुळात कोणी लिहिला, आणि वाटेला लागण्यापूर्वी किंवा वाट संपल्यानंतर त्यात कोणी हात घातला का, याविषयी व्हीपीएन काहीच सांगू शकत नाही. किनाऱ्यावरच्या दोन कार्यालयांमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तिथे वाट सलग असते. जहाजाची वाट मात्र तुकड्यातुकड्यांची असते, आणि प्रत्येक सांध्यावर माहिती काही काळ उघडी पडून राहते.

एका मार्ग-आराखड्याचा प्रवास पाहा. किनाऱ्यावरील वाहतूक नियंत्रण केंद्र एखाद्या अरुंद जलमार्गासाठी बदललेला मार्ग सुचवते. तो केंद्राच्या सेवेतून कंपनीच्या सर्व्हरवर उतरतो, तिथून उपग्रह सेवा देणाऱ्याच्या भू-केंद्रामार्गे जहाजावर पोहोचतो, जहाजाच्या कार्यालयीन संगणकावर साठतो, आणि तिथून अनेक जहाजांवर आजही सेकंड ऑफिसर तो पेन ड्राइव्हवर घेऊन ब्रिजवरील (जहाज चालवण्याच्या कक्षातील) इलेक्ट्रॉनिक नकाशा यंत्रणेत, म्हणजे एक्डिसमध्ये, भरतो. आपले व्हीपीएन यांपैकी फक्त कंपनीचा सर्व्हर ते जहाजाचा संगणक एवढाच टप्पा झाकते. सर्व्हरवर कोणी शिरले, किंवा कार्यालयीन संगणकात आधीच एखादा विषाणू बसलेला असला, तर बिघडवलेला मार्ग त्याच सुरक्षित नळीतून, अगदी सुखरूपपणे, ब्रिजपर्यंत जाईल. म्हणून सुरक्षितता कागदालाच चिकटलेली हवी. ज्याने मार्ग तयार केला त्याने आपल्या खासगी किल्लीने, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त सांकेतिक संख्येने, त्यावर डिजिटल स्वाक्षरी केली, आणि ती स्वाक्षरी एक्डिसनेच, म्हणजे माहिती प्रत्यक्ष वापरणाऱ्या यंत्राने, तपासली, तर मधल्या पाचही हातांवर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही.

ही कल्पना सागरी व्यवसायाला नवी नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. इलेक्ट्रॉनिक नकाशांच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय जलविज्ञान संघटनेची एस-६३ ही योजना वर्षानुवर्षे नेमके हेच करीत आली आहे. नकाशा पुरवणारी संस्था प्रत्येक नकाशा-फाइलवर स्वाक्षरी करते. त्या संस्थेच्या किल्लीला जलविज्ञान संघटनेने प्रमाणपत्र दिलेले असते. आणि संघटनेचे मूळ प्रमाणपत्र एक्डिसमध्ये आधीपासून बसवलेले असते. त्यामुळे नकाशा डिस्कवरून येवो, ईमेलने येवो की एजंटाने दिलेल्या पेन ड्राइव्हवरून येवो, त्याचा अस्सलपणा तपासता येतो. या योजनेतील ब्लोफिश आणि शा-१ या पद्धती आता जुन्या झाल्या आहेत, आणि सागरी माहितीच्या नव्या एस-१०० चौकटीच्या पंधराव्या भागात एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे मजकूर गुप्त रूपात बदलण्यासाठी, एईएस ही पद्धत आली आहे. पण स्वाक्षरी मालाबरोबर प्रवास करते हे मूळ तत्त्व तेच राहिले.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे जहाजांची स्वयंचलित ओळख प्रणाली, एआयएस. सेकंदाला ९६०० बिट या मर्यादित गतीने चालणाऱ्या या प्रणालीच्या संदेशांवर कसलीही स्वाक्षरी नसते. योग्य रेडिओ उपकरण असलेला कोणीही अस्तित्वातच नसलेले जहाज पडद्यावर उभे करू शकतो, हे संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवून दिले होते. एआयएसचा पुढचा अवतार असलेल्या व्हीडीईएसमध्ये सेकंदाला कमाल ३०७.२ किलोबिटपर्यंत वेग मिळतो, म्हणजे संदेशासोबत स्वाक्षरी पाठवण्याइतकी जागा होते. त्या जागेचा उपयोग प्रत्यक्षात कसा होईल हे मात्र त्यावर कोणत्या सेवा चालवल्या जातात यावर ठरेल.

आता सेकॉमकडे वळतो. हे आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे ६३१७३-२ क्रमांकाचे मानक असून ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच मालिकेतील पहिला भाग, २०२१ चा, मार्ग-आराखड्याचा आकृतिबंध ठरवतो आणि एस-४२१ या नावाने ओळखला जातो. सेकॉम हे सॉफ्टवेअर नव्हे किंवा एखादी सशुल्क सेवाही नव्हे, हे आधी स्पष्ट करतो, कारण काही विक्रेत्यांच्या बोलण्यावरून तसा समज होतो. दोन यंत्रणांनी एकमेकींशी कोणत्या रीतीने बोलायचे, माहिती कशी मागायची, कशी पाठवायची, एखाद्या विषयाची वर्गणी कशी नोंदवायची, पोच कशी द्यायची, याची ती एक ठरलेली पद्धत आहे. आत काय भरले आहे याच्याशी सेकॉमला कर्तव्य नाही; मार्ग-आराखडा असो, एस-१२४ पद्धतीचा नौकानयन इशारा असो किंवा नकाशाची सुधारणा असो, लिफाफा तोच राहतो.

सेकॉममध्ये संरक्षणाचे दोन थर वेगवेगळे ठेवलेले आहेत, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या वेगळेपणातच आहे. पहिला थर वाहिनीचा आहे : टीएलएस या, इंटरनेटवरील जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीत दोन्ही बाजू प्रमाणपत्राने आपली ओळख पटवतात. दुसरा थर मजकुराचा आहे : मजकुरावर स्वाक्षरी होते, आणि गरज असेल तर तो एन्क्रिप्टही होतो. दुसरा थर वेगळा का लागतो, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. समुद्रावरील जहाजाला इंटरनेटवर बहुधा स्वतःचा कायमचा सार्वजनिक पत्ता नसतो, आणि असला तरी सुरक्षेच्या दृष्टीने तो बाहेरच्यांसाठी उघडा ठेवू नये. त्यामुळे किनाऱ्यावरून जहाजाचे दार थेट वाजवता येत नाही. संदेश किनाऱ्यावरच्या एखाद्या सेवेत थांबतो आणि जहाज जोडणी मिळाली की स्वतः तो घेऊन जाते, जसे टपाल कार्यालयातील पेटीतून पत्र आणावे तसे. पेटी सांभाळणाऱ्याने पत्र उघडून बदलले तर वाहिनीच्या संरक्षणाला ते कळणार नाही, स्वाक्षरीला कळेल.

स्वाक्षरी आणि एन्क्रिप्शन या दोन गोष्टींची गल्लत मला फार वेळा आढळते. नौकानयनाचा इशारा सर्वांनी वाचावा यासाठीच असतो. तो लपवणे हे केवळ निरर्थकच नव्हे, तर धोक्याचेही आहे, कारण किल्ली नसलेले जहाज त्याला मुकेल. त्याला स्वाक्षरी हवी, एन्क्रिप्शन नको. खलाशांची यादी, त्यांच्या पासपोर्टच्या प्रती, वैद्यकीय कागद यांना मात्र दोन्ही हवे. आणि आज हेच कागद सर्वांत ढिसाळपणे, साध्या ईमेलला जोडून, एका एजंटाकडून दुसऱ्याकडे फिरत असतात. १ जानेवारी २०२४ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमांनुसार बंदरांसाठी एक-खिडकी पद्धतीने इलेक्ट्रॉनिक माहिती घेणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे ही कागदपत्रे हळूहळू ईमेलमधून बाहेर पडतील, पण एजंटाच्या संगणकावर राहिलेल्या जुन्या प्रतींचे काय, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल.

हे सगळे तंत्र ज्या एका गोष्टीवर उभे आहे ती म्हणजे ओळख, आणि माझ्या अनुभवात प्रकल्प तिथेच अडतात. खासगी किल्लीने केलेली स्वाक्षरी तिच्या जोडीच्या, सर्वांना देता येणाऱ्या सार्वजनिक किल्लीने तपासतात. ‘ही सार्वजनिक किल्ली अमुक जहाजाची आहे’ असे सांगणारे प्रमाणपत्र कोणीतरी द्यावे लागते, आणि देण्यापूर्वी अर्जदार खरोखर त्या जहाजाच्या वतीने बोलण्याचा अधिकारी आहे का, हे माणसाने तपासावे लागते. मॅरिटाइम कनेक्टिव्हिटी प्लॅटफॉर्म ही चौकट यासाठीच उभी राहिली. तिच्यात ओळखींची नोंदवही आणि सेवांची नोंदवही असते, आणि प्रत्येक जहाजाला, संस्थेला व सेवेला एमआरएन या पद्धतीचे एकमेव नाव मिळते. चौकट चांगली आहे, परंतु चौकशीचा दर्जा शेवटी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेवर अवलंबून राहतो. जहाजाचा सात अंकी आयएमओ क्रमांक सर्वांना माहीत असतो. तो ठाऊक असणे हा ओळखीचा पुरावा होऊ शकत नाही. रेडिओसाठीचा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक तर ध्वज बदलला की बदलतो.

जहाज विकले जाते तेव्हा काय होते, याचा विचार करून पाहा. नाव बदलते, ध्वज बदलतो, व्यवस्थापक बदलतो, सारा चालकवर्ग उतरतो आणि नवा चढतो, पण ब्रिजवरील संगणक तिथेच राहतो आणि त्यातली खासगी किल्लीही. हस्तांतराच्या यादीत इंधनाच्या शिल्लक साठ्यापासून लाइफजॅकेटांच्या संख्येपर्यंत सर्व काही मोजले जाते. किल्ल्यांची ओळ मी अजून फार थोड्या याद्यांमध्ये पाहिली आहे. जुने प्रमाणपत्र रद्द केले नाही, तर नव्या मालकाच्या जहाजावरून आपल्या कंपनीच्या ओळखीने संदेश जाऊ शकतात. म्हणून हस्तांतराच्या दिवशीच प्रमाणपत्र रद्द करणे आणि किल्ली पुसणे हे लेखी जबाबदारीसह नेमून द्यावे. किल्ली साध्या फाइलमध्ये न ठेवता बाहेर काढता न येणाऱ्या हार्डवेअर घटकात ठेवलेली बरी, आणि ती जहाजाच्या यंत्रणेची असावी, व्यक्तीची नव्हे, कारण काही महिन्यांनी माणसे बदलतात. एखाद्या कृतीला व्यक्तीची स्वाक्षरी लागतच असेल, तर ती वेगळी ठेवावी आणि माणूस उतरताच बंद करावी.

प्रमाणपत्र रद्द झाल्याची बातमी जहाजापर्यंत कशी पोहोचणार, हा याहून अवघड प्रश्न आहे. किनाऱ्यावरची यंत्रणा प्रत्येक वेळी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला ऑनलाइन विचारू शकते. जहाजाला ती चैन नेहमीच परवडत नाही. उपग्रहाची जोडणी तुटते, काही बंदरांत ती बंद ठेवावी लागते, आणि एक्डिससारखी यंत्रणा तर मुद्दामच इंटरनेटपासून दूर ठेवलेली असते. अशा वेळी रद्द प्रमाणपत्रांची यादी ठरावीक अंतराने जहाजावर पाठवावी लागते, आणि यादी किती जुनी झाली तर चालेल हे आधी ठरवावे लागते. ‘यादी जुनी असेल तर काहीच स्वीकारू नका’ असा कडक नियम ऐकायला सुरक्षित वाटतो, पण आठवडाभर जोडणी नसलेल्या जहाजाला तो वादळाचा अस्सल इशाराही नाकारायला लावेल. मी सुचवतो ते असे : इशारा दाखवावा, त्यावर ‘पडताळणी जुन्या यादीनुसार’ असे ठळकपणे लिहावे, आणि निर्णय ब्रिजवरील अधिकाऱ्याकडे सोडावा, मात्र मार्ग-आराखड्यासारखी, यंत्रात थेट भरली जाणारी माहिती तशा स्थितीत आपोआप आत घेऊ नये.

घड्याळाची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. एकदा एका जहाजावरून तक्रार आली की नकाशा यंत्रणा प्रत्येक सुधारणेच्या वेळी प्रमाणपत्राचा इशारा देते. जहाजावर गेल्यावर कळले की त्या संगणकातील छोटी बॅटरी संपली होती, वीज गेली की तारीख कित्येक वर्षे मागे जात होती, आणि यंत्राच्या दृष्टीने प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नव्हती. बॅटरी बदलायला दहा मिनिटे लागली. मला खटकले ते दुसरेच. गेले कित्येक महिने ड्यूटीवरचा प्रत्येक अधिकारी इशारा आला की ‘पुढे चला’ हे बटण दाबत होता, आणि पुढच्याला तसेच शिकवून उतरत होता. त्या काळात खरोखर बनावट फाइल आली असती, तर तीही त्याच बटणाने आत गेली असती. दोष मी त्या अधिकाऱ्यांना देत नाही. इशारा नेमका कशामुळे आला आणि आता काय करायचे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. स्वाक्षरी जुळली नाही तर कोणाला कळवायचे, दुसऱ्या मार्गाने खातरजमा कशी करायची आणि तोवर काय वापरायचे, हे अर्ध्या पानात लिहून ब्रिजवर लावलेले असणे हा सुरक्षा यंत्रणेचाच भाग आहे.

या साऱ्याचा उपग्रहावर किती भार पडेल, अशी शंका बहुतेकदा घेतली जाते. ती फारशी टिकत नाही. २५६ बिटांच्या लंबवृत्तीय वक्रावर आधारलेली स्वाक्षरी अवघ्या ६४ बाइटांची असते. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहातून एक फेरी व्हायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, त्यामुळे जोडणी सुरू करताना फेऱ्या कमी असलेली टीएलएसची १.३ ही आवृत्ती वापरावी, एवढे पुरे. आपल्याकडच्या कमी उंचीच्या उपग्रहांना तर हाही प्रश्न नाही.

स्वाक्षरी काय सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. ती मजकूर कोणाचा आहे एवढेच सांगते. मजकूर बरोबर आहे असे ती म्हणत नाही. किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने चुकीची खोली गृहीत धरून मार्ग आखला, तर तो चुकीचा मार्गही निर्दोष स्वाक्षरीसह येईल. म्हणून किनाऱ्यावरून आलेला मार्ग सूचना म्हणून उघडावा, तळाखालचे पाणी, वळणाची त्रिज्या आणि निषिद्ध क्षेत्रे यांची नेहमीची तपासणी जहाजावरच व्हावी, आणि मगच तो वापरात घ्यावा. समुद्रावरील जीवसुरक्षेच्या सोलास कराराच्या पाचव्या प्रकरणातील ३४-१ हा नियम सुरक्षिततेविषयीच्या मास्टरच्या (कप्तानाच्या) निर्णयात मालकाला किंवा कंपनीला आडवे येऊ देत नाही. डिजिटल मार्ग-आराखड्यामुळे त्यात काही बदलले नाही. शिवाय स्वाक्षरी असलेली फाइलही विषारी असू शकते. कार्यालयीन जाळे आणि नौकानयनाचे जाळे यांच्यामध्ये अशी चौकी हवी, जी फक्त अपेक्षित प्रकारची, नेमक्या आकृतिबंधात बसणारी फाइल पुढे सोडते. विद्युततांत्रिक आयोगाचे ६११६२-४६० हे मानक अशाच विभागणीसाठी आहे.

जहाज-किनारा सुरक्षिततेच्या चर्चेत जहाजाकडेच सगळ्यांचे लक्ष असते, पण मोठे फटके किनाऱ्यावर बसलेले आहेत. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या विषाणूने मर्स्क कंपनीचे संगणक जाळे कोलमडले, तेव्हा जहाजे तरंगत होती, पण बुकिंग आणि टर्मिनलचे काम ठप्प झाले. पुढे कंपनीने सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले. जानेवारी २०२३ मध्ये जहाजांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या डीएनव्ही या वर्गीकरण संस्थेच्या शिपमॅनेजर या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि सुमारे १,००० जहाजांच्या व्यवस्थापनावर परिणाम झाला. जहाजांवरील ऑफलाइन सुविधा मात्र चालू राहिल्या. हे दुसरे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण त्यातली रचना अनुकरणीय आहे. किनारा गायब झाला तरी जहाजाचे काम चालू राहिले पाहिजे, आणि किनारा परत आल्यावर मधल्या नोंदी आपोआप जुळल्या पाहिजेत. आपण घेत असलेल्या प्रत्येक सेवेच्या विक्रेत्याला याविषयी लेखी विचारा.

नियमांची बाजू थोडक्यात सांगतो. सागरी संघटनेच्या २०१७ च्या ठरावानुसार, १ जानेवारी २०२१ नंतरच्या पहिल्या वार्षिक पडताळणीपर्यंत सायबर जोखीम कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थापन प्रणालीत यायला हवी होती, म्हणजे आपल्याकडे ती आधीच असणार. वर्गीकरण संस्थांच्या महासंघाच्या ई-२६ आणि ई-२७ या सायबर सुरक्षेच्या अटी १ जुलै २०२४ पासून बांधणीचा करार झालेल्या नव्या जहाजांना लागू आहेत. एस-१०० वर चालणारी एक्डिस १ जानेवारी २०२६ पासून बसवता येते, आणि १ जानेवारी २०२९ पासून नव्याने बसवली जाणारी प्रत्येक एक्डिस त्याच निकषांची असावी लागेल. त्या निकषांत २०२४ मध्ये मार्ग-आराखड्यांच्या प्रमाणित देवाणघेवाणीची तरतूदही झाली आहे.

यावरून ‘सेकॉम आत्ता घ्यायचे का’ याचे उत्तर असे निघते. जुन्या जहाजांवर केवळ सेकॉमसाठी यंत्रे बदलू नयेत. त्यांची एक्डिस मार्ग-आराखड्यावरील स्वाक्षरी तपासणार नसेल, तर तिच्या आधीच्या यंत्रांवर कितीही खर्च केला तरी शेवटचा सांधा उघडाच राहील. ज्या जहाजांची एक्डिस येत्या दोन-तीन वर्षांत बदलायची आहे, तिथे मात्र खरेदीच्या अटींत तीन गोष्टी घाला : स्वाक्षरीची तपासणी एक्डिसमध्येच व्हावी, मूळ प्रमाणपत्रे कोणती ठेवायची हे विक्रेत्याने नव्हे तर कंपनीने ठरवावे, आणि रद्द प्रमाणपत्रांची यादी इंटरनेटशिवायही भरता यावी. दरम्यान किल्ल्यांची आणि प्रमाणपत्रांची नोंदवही आजपासून सुरू करा, आणि एजंटाचा बँक खाते क्रमांक बदलल्याचा कोणताही ईमेल आधीपासून नोंदवलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विचारल्याशिवाय मानू नका. या एका फसवणुकीत गेलेले पैसे मी पाहिलेल्या बाकी सर्व प्रकारांहून अधिक आहेत, आणि तिथे व्हीपीएन पूर्ण सुस्थितीत चालू होते.

व्यवस्था बसल्यावर ती कागदावर तपासू नका. एका जहाजासाठी चाचणीचे प्रमाणपत्र काढा, त्याने स्वाक्षरी केलेला एक निरुपद्रवी संदेश पाठवा, मग ते प्रमाणपत्र रद्द करा आणि जहाजाची जोडणी दोन दिवस बंद ठेवा. जोडणी परत आल्यानंतर त्याच किल्लीने स्वाक्षरी केलेला दुसरा संदेश ब्रिजवर नाकारला जायला किती तास लागतात, आणि नाकारल्यावर ड्यूटीवरचा अधिकारी कोणाला फोन करतो, हे नोंदवून ठेवा.